पाणी विचारणारे काका

"पाणी विचारायचं असतं, पोरी. पाजायचं नसतं."

हे वाक्य मी काकांच्या तोंडून किती वेळा ऐकलं, त्याची गणती नाही. म्हणताना ते उजवा हात असा धरायचे, जणू हातात तांब्या आहे आणि समोर उन्हातून आलेला पाहुणा बसलाय. पाहुणा माणूसच असायला हवा असं काही नव्हतं. बहुतेक वेळा ते गांजाच्या झाडाबद्दल बोलत असायचे.

तुम्ही दचकला असाल. मीही दचकले होते. म्हणून आधीच सांगून टाकते की काकांनी जन्मात कधी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. चहा घ्यायचे तो अर्धा कप, आणि दुपारी तीननंतर तोही नाही, कारण झोप उडते. असल्या माणसाच्या घरात चार झाडं कशी आली, तीच गोष्ट सांगायची आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोत एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या एका रांगेत राहायचो. आमचं घर भाड्याचं, काकांचं स्वतःचं, मध्ये एक भिंत. काका मूळचे अकोल्याकडचे. चाळीसेक वर्षांपूर्वी शिकायला आले, चिप बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी केली, इथलेच नागरिक झाले, निवृत्त झाले. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी शिकागोजवळ. इतक्या वर्षांत त्यांच्या बोलण्यातलं वऱ्हाड मात्र जागचं हललं नव्हतं. बँकेच्या माणसाशी फोनवर बोलतानाही ते "हाव, हाव, आय नो" म्हणायचे, आणि बँकेच्या माणसाला ते कळायचं.

आम्ही सामान उतरवत होतो त्या दिवशी ते पहिल्यांदा दारात आले. हातात काचेचा जग आणि दोन पेले.

"पाणी घेता का?"

"नको काका, आत्ताच प्यायलो," माझा नवरा म्हणाला.

"बरं. मग दहा मिनिटांनी विचारतो."

आणि दहा मिनिटांनी खरोखर विचारलं. मग परत वीस मिनिटांनी. तिसऱ्या खेपेला नवऱ्यानं दोन पेले घटाघटा संपवले. काकांच्या चेहऱ्यावर एखादं गणित सुटल्यासारखा आनंद होता. "पाहा, तहान होती. आत होती, वर दिसत नव्हती."

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या, आणि त्याच सुमाराला भिंतीपलीकडून तो वास यायला लागला. तुम्ही इथे राहत असाल तर कुठला वास ते सांगायला नको. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आईंना काय सांगायचं? नवऱ्यानं झटकन सांगितलं, "आई, इकडे स्कंक नावाचा प्राणी असतो. त्याचा वास आहे."

आईंनी दोन आठवडे ऐकून घेतलं. मग एकदा विचारलं, "हा प्राणी रोज संध्याकाळी पाचलाच येतो का रे?"

शेवटी मीच काकांकडे गेले. विषय कसा काढावा म्हणून हवापाणी, रस्त्यावरचं खोदकाम असं बोलत राहिले. काकांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "वासाचं विचारायला आलीस ना? चल वर, दाखवतो."

वरच्या मोकळ्या खोलीत एक काळा तंबू उभा होता. कपाटाएवढा, समोर चेन. काकांनी चेन वर ओढली तर आत लख्ख उजेड, एक लहानसा पंखा, आणि चार हिरवीगार, कमरेइतकी झाडं. झाडं काळ्या कापडी पिशव्यांत होती आणि पिशव्यांना दोन बाजूंना धरायला कान होते.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "काका, भाजीच्या पिशव्यांत लावलीत?"

"कुंड्या आहेत त्या. कापडाच्या." त्यांना माझी कीव आली असावी. "प्लास्टिकच्या कुंडीत मूळ भिंतीला लागलं की गोल गोल फिरत बसतं. तुम्ही कसे ग्रीन कार्डच्या रांगेत फिरताय, तसं. कापडाला लागलं की त्याला हवा लागते. ते तिथंच थांबतं आणि मागून नवी मुळं फुटतात. पण एक आहे बाप्पा, कापड लवकर वाळतं. त्यामुळं लक्ष ठेवावं लागतं."

मग त्यांनी पाणी घालून दाखवलं. आधी कुंडीचा एक कान धरून ती जराशी कलती केली. "हलकी लागली की समजायचं, तहान आहे. जड लागली की हात जोडून परत फिरायचं." ही हलकी होती. लांब चोचीच्या झारीतून त्यांनी कडेनं, मातीला दुखणार नाही अशा बेतानं, धार फिरवली. पेलाभरच. आणि थांबले. स्टुलावर बसून त्यांनी घड्याळ पाहिलं.

"झालं?" मी विचारलं.

"विचारलं फक्त. आता वीस मिनिटांनी देऊ."

वीस मिनिटं आम्ही दोघं त्या झाडांसमोर बसून राहिलो. दुसऱ्या खेपेला पाणी आत गेलं, कापडाचा काळा रंग खालून वर गडद होत आला, आणि खालच्या ताटलीत चमचाभर पाणी उतरलं. "बस. ढेकर आली."

ही अक्कल त्यांना फुकट आली नव्हती. आधी तीन कढीपत्ते मेले होते. "तिन्ही मी मारले. रोज सकाळी तांब्याभर. प्रेमानं. पाणी पाजून मारले."

कायद्यानं घरात सहा झाडांना परवानगी होती, पण काकांनी चारच लावली होती. चारच्या वर पाहुणे झाले की कुणाला तरी विचारायचं राहून जातं, असं त्यांचं म्हणणं. आणि हे सगळं होतं वॉल्टरसाठी.

वॉल्टर हा त्यांचा ऑफिसातला मित्र. बावीस वर्षं दोघं एकाच गाडीनं कामावर गेले आणि एकाच गाडीनं परत आले. गाडी वॉल्टरची, चालवायचाही तोच. आता त्याला कॅन्सर होता. औषधांनी अन्नावरची वासनाच गेली होती. सहा फुटी माणूस, कोट खुंटीला टांगावा तसा दिसायला लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, भूक लागायला गांजाचा उपयोग होतो का ते पाहा. इथल्या परवान्याच्या दुकानातून आणलेल्या तसल्या गोळीनं तो एक अख्खा दिवस खुर्चीत झोपून राहिला आणि उठल्यावर म्हणाला, परत नको. तेव्हा काकांनी जाहीर केलं, "मी लावतो. काय घातलं, किती घातलं, मला माहीत असेल." वॉल्टरनं त्यांना तीन कढीपत्त्यांची आठवण करून दिली. काकांनी त्याच संध्याकाळी तंबू मागवला.

आईंना हे कसं सांगावं या चिंतेत मी असतानाच तो प्रश्न परस्पर सुटला. एका सकाळी त्या काकांना थालीपीठ द्यायला गेल्या आणि वासाचा माग काढत थेट वर पोचल्या. मी धापा टाकत मागून गेले. त्या तंबूपुढं उभ्या होत्या.

"ही तर भांग," आई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या आजोळी महाशिवरात्रीला घोटायचे. पण इतकी लाडावलेली कधी पाहिली नव्हती." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही दोघं मला पंधरा दिवस कुठल्या प्राण्याच्या गोष्टी सांगत होतात?"

त्या दिवसापासून काका त्यांना वहिनी आणि त्या काकांना भाऊ म्हणायला लागल्या.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि काका पडले. गराजच्या पायरीवरून, हातात कढीचं पातेलं घेऊन. कढी वाचली, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आणि मग चालायला शिकवतात अशा एका ठिकाणी त्यांना दोन आठवडे ठेवलं. मी पहिल्यांदा भेटायला गेले तर दुखतंय का वगैरे काही नाही. माझा हात धरून म्हणाले, "पोरी, चौघं उपाशी आहेत. फुलावर आली आहेत. आत्ता तहानली तर सगळं गेलं."

मी हो म्हणून घरी आले. नवऱ्याला सांगितलं.

"अगं, आपण व्हिसावर आहोत. कॅलिफोर्निया हो म्हणतं, पण वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्राचा, कायदा नाही म्हणतो. आपली ग्रीन कार्डची फाइल तिकडे आहे यार. नऊ वर्षं थांबलोय."

त्यानं वकिलाला फोन लावला आणि आडून आडून विचारलं, "समजा, आम्ही शेजाऱ्यांच्या टोमॅटोला पाणी घातलं, तर काही प्रॉब्लेम?"

वकील म्हणाले, "तुमच्या टोमॅटोच्या पानाला बोटं किती?"

"सात."

"मग त्या टोमॅटोंना हात लावू नका. कुंडी धरू नका, झारी धरू नका. आणि मला पुन्हा टोमॅटोबद्दल विचारू नका."

त्या रात्री मला खूप वाईट वाटलं. नळ माझ्या घरात, झाडं भिंतीपलीकडे, आणि मध्ये एक अख्खं सरकार. दुसऱ्या दिवशी काकांना फोन करून खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. "बरोबर आहे वकिलाचं," म्हणाले. आणि पुढं म्हणाले, "मग ज्याच्यासाठी लावलीत, त्यालाच बोलवू."

वॉल्टर कित्येक आठवड्यांत घराबाहेर पडला नव्हता. टॅक्सीतून उतरून काठी टेकत तो काकांच्या जिन्यापाशी आला आणि जिन्याकडे पाहत राहिला. तेरा पायऱ्या चढायला त्याला दहा मिनिटं लागली. खोलीच्या दारात मी उभी राहिले, उंबरा न ओलांडता, हात मागे बांधून. फोन मी जमिनीवर ठेवला होता, त्याचा स्पीकर चालू, आणि पलीकडून काका.

काकांना वॉल्टरशी इंग्रजीत बोलता येत नव्हतं असं नाही. पण झाडांचा विषय निघाला आणि जीव टांगणीला लागला की ते मराठीत यायचे.

"त्याला सांग, आधी पाणी विचार."

मी इंग्रजीत म्हटलं, "ते म्हणतात, आधी झाडाला विचारा."

"काय विचारू?" वॉल्टर म्हणाला.

"पाणी हवं का ते."

वॉल्टरनं झाडाकडे पाहिलं. "आणि ते उत्तर देईपर्यंत थांबायचं?"

"हाव," फोन म्हणाला. "तेच तर."

वॉल्टरला ते पटलं नसावं. त्यानं झारी उचलली आणि पहिल्या कुंडीत भडाभडा ओतली. चार दिवस कोरडी पडलेली माती आक्रसून कापडापासून सुटली होती. पाणी मातीत शिरलंच नाही, मधल्या फटीतून सरळ खाली गेलं आणि ताटली ओलांडून गालिच्यावर पसरलं. मी हात मागे बांधून ओरडत होते, वॉल्टर काठी बाजूला टाकून पाय वाचवत होता, आणि फोन विचारत होता, "काय झालं? पाजलं ना त्यानं? पाजलं ना?"

आई जुने टॉवेल घेऊन धावत आल्या.

"या झाडाला मी आवडलो नाही," वॉल्टर म्हणाला.

"माती रुसली आहे," काका म्हणाले. "कोरडी पडली की पाणी घेत नाही. वाटीनं द्या म्हणावं. एक वाटी, मग थांबायचं. परत एक वाटी."

आईंनी आमच्या घरून आमटीची स्टीलची वाटी आणली. वॉल्टर स्टुलावर बसला आणि वाटी वाटी पाणी कडेनं सोडायला लागला. चार कुंड्यांना एकेक वाटी झाली. आता वीस मिनिटं थांबायचं होतं. तो जागचा उठू शकत नव्हता, मी आत जाऊ शकत नव्हते. बोलणार तरी किती? आईंना हे बघवेना. पाहुणा माणूस, आजारी, आणि नुसता बसवून ठेवलाय. त्या घरी गेल्या आणि कुकरमधला मऊ भात दुसऱ्या वाटीत घेऊन आल्या. वर तूप, मीठ आणि लिंबाचे दोन थेंब.

मी त्यांना हळूच म्हटलं, "आई, त्यांना काही जात नाही. आग्रह करू नका."

"मी कुठं आग्रह करतेय? समोर ठेवतेय फक्त."

वॉल्टर झाडांकडे बघत होता. मध्येच त्यानं चमचा उचलला. बघता बघता अर्धी वाटी संपली. मी आणि आई दाराबाहेर श्वास रोखून उभ्या होतो. फोनवरून काका विचारत होते, "काय चाललंय? सगळे गप्प का?" आणि आम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती, बोललो तर तो थांबेल म्हणून.

एक दिवसाआड वॉल्टर यायला लागला. जिना दहा मिनिटांवरून सहावर आला. कुंडीचा कान धरून कलती करायला शिकला आणि फोनमध्ये सांगायला लागला, "नंबर दोनची अजून जड आहे, तिला आज नको." पाणी, थांबणं, मऊ भात, परत पाणी. तिसऱ्या खेपेला पूर्ण वाटी. पाचव्या खेपेला त्यानं आईंना विचारलं, "परवाचं ते पिवळं पातळ होतं, ते आहे का?" वरण होतं ते. आईंना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण हे कळलं. त्या माघारी वळल्या तेव्हा पदरानं डोळे पुसत होत्या.

काका वॉकर घेऊन घरी परतले त्या दिवशी वॉल्टर वर खोलीत हजर होता. काका कठडा धरत एकेक पायरी वर आले. त्यांनी तंबूची चेन उघडली, प्रत्येक कुंडीत बोट खुपसून पाहिलं, पानं उलटी करून पाहिली. तिसऱ्या झाडाची खालची पानं पिवळी होती.

"हिला पाजलंस."

"तिनं मागितलं," वॉल्टर म्हणाला.

मग आईंनी आणलेला भात वॉल्टरनं काकांच्या देखत खाल्ला. दोन वाट्या. काका बघतच राहिले. पीक निघायला अजून तीन आठवडे होते. एक पानही अजून कुणी तोडलं नव्हतं.

"मग मी चार महिने काय केलं बाप्पा?" त्यांनी मला मराठीत विचारलं. वॉल्टरला अर्थ सांगितला तर तो म्हणाला, "तू पडलास. त्याचा फार उपयोग झाला."

काका दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन आमच्या दारात आले. "वहिनी, तुपाचं प्रमाण सांगा."

पीक निघालं, वाळलं. वॉल्टरनं थोडं घेऊन पाहिलं. झोप बरी लागते म्हणाला. भुकेबद्दल काही बोलला नाही, आणि काकांनीही विचारलं नाही. पण काकांनी चार झाडं पुन्हा लावली. दुसरं पीक औषधासाठी नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आईंची परत जायची वेळ झाली तेव्हा त्यांनी काकांना तीनदा भात करायला लावला आणि तिसरा पास केला. त्या हिवाळ्यात दर दुसऱ्या दिवशी टॅक्सी थांबल्याचा आवाज यायचा, मग काठीचा, आणि मग भिंतीपलीकडून दोन म्हाताऱ्यांचं भांडण. कुठली कुंडी जड आणि कुठली हलकी.

मार्चमध्ये टॅक्सी यायची बंद झाली.

काकाही आता नाहीत. वॉल्टर गेल्यावर वर्षभरानं ते मुलीकडे राहायला गेले आणि मागच्या हिवाळ्यात तिकडेच गेले. माझ्या फाइलचं अजून काही झालेलं नाही. पण काकांची आठवण आली की मला तंबू दिसत नाही. वॉल्टरला शेवटचं भेटून आम्ही परत येत होतो ती संध्याकाळ दिसते.

हॉस्पिटल सॅन होजेच्या पूर्वेला होतं. ऑफिसही त्याच बाजूला होतं त्यांचं, म्हणजे बावीस वर्षांचा परतीचा रस्ता हाच. वॉल्टर झोपेतच होता. काका तासभर त्याच्याजवळ बसले, त्याच्या पांघरुणाची कड सारखी करत. गाडी मी चालवत होते, ते माझ्या शेजारी. काही अंतर गेल्यावर म्हणाले, "दोघं आहोत. कारपूलच्या लेनमध्ये घे." एकापेक्षा जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठीची ती लेन. रस्ता मोकळाच होता, तरी मी घेतली.

समोर पश्चिमेच्या टेकड्या दिसायला लागल्या. रस्ता एका ठिकाणी डावीकडे वळला आणि सूर्य एकदम समोर आला, थेट डोळ्यांत. मी डोळे बारीक केले. काकांनी माझ्याकडे न बघता डावा हात लांब केला, माझ्या डोक्यावरची ऊन अडवायची झडप खाली ओढली, आणि हात परत मांडीवर ठेवला. कुठे वळण येतं आणि कुठे ऊन येतं, हे त्या हाताला पाठ होतं. ते स्वतः खिडकीतून बाहेर बघत होते.